उत्तरेकडचे ढीवर

नवेगाव बांधाला नागपूरचे लोक जातात ते बदकांच्या शिकारीला, नाहीतर नुसते तळे पाहायला. मी गेलो तो एका उत्तरपत्रिकेवर मीच दिलेल्या भोपळ्यापायी. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे तळे, बदके, शिंगाडे हे सगळे येणारच आहे, आणि वाचकाला वाटायचे की गृहस्थ हवापालटाला गेले होते.

मी मूळचा सातारकडचा. नागपुरात एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. गेल्या उन्हाळ्यात मराठी सातवीचे इतिहासाचे पेपर माझ्याकडे तपासायला आले. 'अमेरिकेचा शोध कोणी लावला?' हा प्रश्न त्यात होताच. हा प्रश्न नसला तर परीक्षा झाल्यासारखी वाटत नाही. सगळ्यांनी कोलंबस लिहिले होते. कोणी त्याला पोर्तुगीज केले होते, कोणी थेट कालिकतला उतरवले होते, पण माणूस तोच. एका पेपरात मात्र असे होते : 'अमेरिका पहिल्यांदा उत्तरेकडच्या ढिवरांनी पाहिली. कोलंबस मागून गेला. तेथे लोक आधीच राहत होते, म्हणून शोध लावला असे म्हणता येत नाही.' ढीवर म्हणजे या भागातले मासेमारी करणारे लोक, आमच्याकडच्या भोयांसारखे. मी तांबड्या शाईने भोपळा काढला आणि खाली शेरा मारला, 'परीक्षार्थीने मासे मारावेत, इतिहासाच्या वाटेस जाऊ नये.' आमच्या परीक्षेत असे निवडक शेरे शाळेला कळवायची पद्धत आहे. माझा शेरा निवडला गेला याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

त्या संध्याकाळी ते उत्तर मी घरात वाचून दाखवले. आमची मंडळी तेव्हा अंथरुणाला खिळून होती. उत्तर ऐकून ती हसली, चांगली पोट धरून हसली. दीड महिन्यात मी तिला हसताना पाहिले नव्हते. हसू ओसरल्यावर म्हणाली, "पण अहो, समुद्र ओलांडायला होडी लागते. मग होडीवालेच नसतील कशावरून गेले पहिल्यांदा?" मी म्हटले, "तू पड आता, बोलण्याने दम लागतो." आषाढात ती गेली. त्यानंतर ती हसली म्हणून काही आठवू गेलो की तोच पेपर डोळ्यांपुढे यायचा, आणि मी मनातल्या मनात त्या अनोळखी पोराचे आभार मानायचो.

दिवाळीत घरात पणती कोणासाठी लावायची, म्हणून मी रोज वाचनालयात जाऊन बसू लागलो. तिथे एक जुने इंग्रजी मासिक हाती लागले. त्यात लिहिले होते की नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंड अशा थंड मुलखांतले वायकिंग नावाचे दर्यावर्दी लोक उघड्या होड्यांतून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले होते, आणि तेही कोलंबसाच्या जवळजवळ पाचशे वर्षे आधी. तिथे त्यांना द्राक्षाचे वेल दिसले, माणसे दिसली, त्यांच्याशी भांडणे झाली आणि ते परत आले. हे सगळे त्यांच्या जुन्या कथांत आहे. लेखकाने शेवटी विचारले होते की शाळेतल्या पुस्तकांत यांना जागा केव्हा मिळणार. मासिक मिटले तेव्हा माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

परीक्षेच्या कचेरीत एक कारकून ओळखीचा होता. त्याने नंबरावरून पाहून सांगितले की परीक्षार्थी नवेगाव बांधच्या शाळेतला, बाकी विषयांत उत्तम, इतिहासात तीन मार्कांनी नापास. वर्षअखेरीपर्यंत परीक्षकाला चूक दुरुस्त करता येते, असेही तो म्हणाला. खरे तर घरी बसून एक पत्र खरडले असते तरी भागले असते. पण नाताळची सुट्टी लागली होती, आणि त्या घरात दहा दिवस एकट्याने काढायचे माझ्या जिवावर आले होते. पोराने अंधारात दगड मारला की त्याला कोणी खरोखर शिकवले होते, ते पाहून येऊ म्हटले, आणि वळकटी बांधली.

गोंदिया

गोंदियाला गाडी बदलून छोट्या लाइनीच्या गाडीत बसायचे असते, आणि ही छोटी गाडी आपल्या मर्जीची मालकीण आहे. चार तास हाताशी होते. गाव बिड्यांचे आणि तांदळाच्या गिरण्यांचे. हवेत तंबाखूचा आणि भुशाचा वास मिसळलेला. मी ज्याला त्याला मराठीत विचारत होतो आणि जो तो मला हिंदीत उत्तर देत होता. कोणाचेच काही अडत नव्हते. एक टांगेवाला "नागरा का महादेव देखे बिना कैसे जाओगे?" म्हणून हटूनच बसला. गेलो. देऊळ जुने, दगड थंडगार, आत कोणी नाही. देवापुढे उभा राहिलो तर मागायला काही सुचेना. इतकी वर्षे काय मागायचे ते मला बाजूने कुजबुजून सांगितले जाई.

स्टेशनाबाहेर बाकावर बसलो आणि सवयीने म्हणालो, "दोन चहा." दुकानदाराने दोन पेले आणून ठेवले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "दूसरा किसके लिए, बाबूजी?" मी दोन्ही प्यायलो. दुसरा गार झाला होता.

नवेगाव

देवलगावच्या स्टेशनावर उतरून बैलगाडी केली. दोन्हीकडे धानाची कापलेली शेते, मधूनच लाखोरी नावाच्या कडधान्याचा हिरवा पोपटी पट्टा, मग एकदम जंगल. गाडीवान म्हातारा होता. आमच्याकडे परक्या माणसाला आधी पाऊसपाण्याचे विचारतात, मग गावाचे, आणि चार वळणे घेऊन मुद्द्यावर येतात. या मुलखात ती वळणेच नाहीत.

"कोण लोक जी तुमी?" त्याने विचारले.

"ब्राह्मण."

"बायको काऊन नाई आणली?"

"वारली."

"कायनं?"

मी सांगितले. ताप, खोकला, डॉक्टर, आषाढ, सगळे सांगितले. त्याने बैलांना हाकत हाकत सगळे ऐकले आणि म्हणाला, "माही बी गेली. तीन सालं झाले. आता सैपाक मीच करून राहिलो." मग आम्ही दोघे तांदळात पाणी किती घालायचे यावर बोललो. नागपुरात सहा महिन्यांत मला कोणी 'कायनं' म्हणून विचारले नव्हते. सगळे 'ईश्वरेच्छा' म्हणून विषय बदलत. गाडी गावाला लागली तेव्हा मला बरेच हलके वाटत होते.

शाळेचे गुरुजी टेंभरे. जातीने पोवार, घरची धानाची शेती, पन्नाशीचे, आवाज खणखणीत. मी तळे आणि बदके पाहायला आलो असे त्यांना सांगितले. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. त्यांनी जास्त चौकशी न करता पाण्याचा तांब्या पुढे केला आणि घरात ओरडून सांगितले की पाहुणा मासे खात नाही. जेवायला भात, लाखोरीची डाळ, लाखोरीच्याच पाल्याची भाजी, वर तांदळाची भाकर. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकर म्हणजे भातावर पुन्हा भात. पण गरम होती, आणि कोणीतरी मला वाढत होते.

जेवताना गुरुजींनी आपणहून विषय काढला. "तुमी नागपूरचे मास्तर. मंग सांगा. आमच्या शाळेतून पहिल्यांदा एक ढिवराची पोरगी सातवीले बसली. रुखमा. वीस वर्साची हाय. नवरा वारला, मायघरी आली, अना चार सालात सात वर्ग केले. जानेवारीत मास्तरणीच्या ट्रेनिंगचा वर्ग भरते. पास असती त सरकारी खर्चानं गेली असती. इतिहासात उडवली."

पोरगी. त्या क्षणापर्यंत मी त्या पेपरामागे एक वात्रट पोरगा बसवला होता.

"अना शेरा काय मारला सांगू?" गुरुजी म्हणाले आणि माझे वाक्य त्यांनी जसेच्या तसे म्हणून दाखवले. लिहिताना मला ते इतके वाईट वाटले नव्हते. मी म्हटले, "थोडे पाणी घालता का?"

डोंग्यात

सकाळी धुके उतरल्यावर गुरुजींनी मला रुखमाच्या बापाच्या, सोमाच्या, हवाली केले. मुद्दाम नव्हे, गावात पाहुण्याला तळे दाखवायचे काम त्याचेच. त्याचा डोंगा म्हणजे एक अख्खे झाड आतून कोरून केलेली होडी. "मधात बसा जी, हालू नोका," असे तो सांगत असतानाच मी हाललो आणि कमरेपर्यंत पाण्यात गेलो. सोमाने मला दंडाला धरून पोत्यासारखे आत ओढले. हसला नाही. म्हणाला, "सायबबी पडला होता."

तळे केवढे म्हणून सांगू? डोंगरांच्या मधे जुन्या लोकांनी मातीचा बांध घालून अडवलेले पाणी, पलीकडचा काठ निळा दिसतो. आणि त्यावर बदके, हजारोंनी. आम्ही जवळ गेलो की एक थर उठायचा आणि थोडा पुढे जाऊन बसायचा. आमच्याकडच्या नदीत एक बगळा दिसला तरी आम्ही मुलांना दाखवतो. मी कुडकुडत पाहत राहिलो. शेजारी 'ते बघा, ते बघा' म्हणणारे कोणी नव्हते, त्यामुळे नेमके कुठे पाहावे ते कळत नव्हते.

"कोणता साहेब पडला होता?" मी विचारले.

सोमा वल्हे मारत सांगू लागला. दोन हिवाळ्यांमागे तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवरला एक गोरा साहेब आला होता. बंदूक होती, पण फारशी चालवली नाही. बरोबर हिंदी बोलणारा खानसामा होता, तो दोघांमधे दुभाष्या. साहेब बदकांकडे बोट करून म्हणाला, ही उत्तरेकडून येतात, मीही उत्तरेकडचाच, नॉर्वे देशाचा.

"मंग मी इचारलं, कोण लोक जी तुमी?"

"साहेबाला जात विचारलीस?"

"पावण्याले इचारा नाई लागत? थो हासला. म्हणे, आमच्यात जात नाई. मी म्हटलं, बाप काय करे? म्हणे, मासे मारे. आजा? मासे मारे. त्याचा बाप? होडी बनवे, समुद्रात जाय. मी म्हटलं, मंग सरळ सांग ना बापा, तू ढीवर होय. खानसाम्यानं सांगतलं त सायेब इतका हासला का पाण्यात पडला. वर आला अना म्हणे, बराबर, मी ढीवर होय."

त्यानंतर साहेबाने ढीवराला ढीवराची म्हणून गोष्ट सांगितली. त्याचे पूर्वज होड्या घेऊन पश्चिमेला गेले, बर्फाचा मुलूख लागला, पुढे द्राक्षांचा मुलूख लागला. ते लुटारूही होते, हेसुद्धा त्याने लपवले नाही. त्या मुलखात आधीच माणसे होती, ती यांच्या अंगावर आली, आणि हे परत फिरले. सोमाने ती गोष्ट घरी सांगितली, रुखमाने गुरुजींना विचारले, गुरुजींनी साहेबाला खाणीच्या पत्त्यावर पत्र घातले. साहेबाने एक इंग्रजी पुस्तक पाठवले. ते गुरुजींनी शब्दकोश घेऊन पावसाळाभर वाचले, आणि मग वर्गात शिकवले.

म्हणजे अंधारातला दगड नव्हता. बापाने गाठीला गाठ घालून माणूस ओळखला, गुरुजींनी तो ग्रंथात ताडून पाहिला, आणि पोरीने तीन वाक्यांत लिहिला. यापेक्षा जास्त मी माझ्या हायस्कुलात काय शिकवतो?

सोमाच्या घरी

ओल्या कपड्यांनी आम्ही त्याच्या घरी आलो. अंगणात शेकोटी होती. गुरुजीही तिथेच माझी वाट पाहत बसले होते. रुखमाने उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली पुढे ठेवली. शिंगाडा काळा, काटेरी. सोलायचा कसा ते मला येईना. तिने एक उचलला, दातांनी टोक तोडले आणि पांढरा गर काढून दाखवला. अंगाने सडपातळ, नजर सरळ. आमच्याकडच्या बायकांसारखी परक्यापुढे पदर ओढून ती आत गेली नाही.

मी पाचसहा शिंगाडे खाल्ले. मग आणखी खाणे शक्य होईना. म्हटले, "गुरुजी, मी बदके पाहायला आलो नव्हतो. तो पेपर मी तपासला होता. तो शेरा माझा."

गुरुजींच्या हातातला शिंगाडा तसाच राहिला. शेवटी सोमा म्हणाला, "मासे मारा म्हणून लिहिलं त काय वाईट लिहिलं? मासे नोका मारू म्हटलं असतं त उपाशी मेलो असतो." त्याला मला वाचवायचे होते, हे मला कळले.

रुखमा म्हणाली, "मासे मारा, याचा मलेबी राग नाई आला. वाटेस जाऊ नये, याचा आला. वाट का तुमची होय?"

मी म्हटले, "नाही. माझी चूक झाली. मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही म्हणून मी हसलो." खाली मान घालून पुढे सांगितले की दुरुस्तीला अजून वेळ आहे. दोन वाटा आहेत. बेरजेत चूक झाली असे कळवले तर कोणी विचारत नाही. तीन मार्क वाढतील, ती पास होईल आणि जानेवारीत ट्रेनिंगला जाईल. किंवा उत्तरच बरोबर होते आणि मी चुकलो, असे खरे ते लिहायचे. पण पुस्तकात कोलंबस आहे, कचेरी मान्य करेल याचा भरवसा नाही.

"बेरजेची चूक लिहा," गुरुजी लगेच म्हणाले. "पोरी, साल जाईन तुझं."

रुखमाने काटकीने शेकोटी सारखी केली. मग म्हणाली, "बेरजेची चूक लिहान त मी पास होईन. पण उत्तर चूकच राहीन. उद्या मी मास्तरीण झाली अना पोट्ट्याईनं इचारलं, बाई, तुमी काय लिहिलं होतं, त काय सांगू? बेरीज चुकली होती म्हणून?"

"साल जाईन," गुरुजी पुन्हा म्हणाले, पण या वेळी हळू.

"गेलं त गेलं. खरं लिहा जी."

मला वाटले, तिने बेरीजच म्हणावे. ते माझ्याही सोयीचे होते. बेरजेची चूक कोणाचीही होते. इतिहासाचा मास्तर इतिहासात चुकला, हे सही करून द्यायचे म्हणजे आपल्याच हाताने आपले नाक कापायचे. पण नाही म्हणायला तोंड नव्हते. गुरुजींच्या दौतीने, त्यांच्या ओसरीवर बसून मी पत्र लिहिले. उत्तर बरोबर आहे, परीक्षक अज्ञानी होता, शेरा मागे घेत आहे. लिहून झाल्यावर तिला वाचायला दिले. तिने मोठ्याने वाचले आणि एका जागी थांबली. मी लिहिले होते, 'उत्तरेकडच्या खलाशांनी.'

"खलाशी नाई. मी ढीवर लिहिलं होतं. ढीवर लिहा."

मी 'खलाशी' खोडून 'ढीवर' लिहिले. खाडाखोडीवर सही करायची असते, ती केली.

निघताना सोमाने शिंगाड्यांची पुरचुंडी दिली. म्हणाला, "घरी कोणी नाई त एवढे कायले, म्हणान. तरी न्या."

परत

नागपुरात शिंगाडे चार दिवस पुरले. दातांनी टोक तोडायला मी शिकलो. दर वेळी सोलून झाले की ताटलीत सवयीने दोन वाटे पडत, आणि दुसराही मीच खाई.

जानेवारीच्या मध्यावर कचेरीचे उत्तर आले. नेमलेल्या पुस्तकात कोलंबसाचे नाव असल्याने इतर उत्तर ग्राह्य धरता येत नाही. शिवाय, आजवर केलेल्या कामाबद्दल आभार. याचा अर्थ परीक्षकांच्या यादीतून नाव गेले. ट्रेनिंगचा वर्ग तोवर भरलाही होता. मी गुरुजींना कळवले. ते पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. त्यावर काही उत्तर आले नाही, आणि येऊ नये असेच मला वाटत होते.

परवा, परीक्षा संपल्यावर, एक कार्ड आले. अक्षर ओळखीचे. एकदा भोपळा दिलेले अक्षर मास्तर विसरत नाही.

'रा. रा. मास्तर यांस नमस्कार. इतिहासाचा पेपर झाला. अमेरिकेचा प्रश्न आला होता. आधी लिहिले, पुस्तकात कोलंबस आहे. मग खाली गेल्या वर्षीचेच लिहिले. ढीवर शब्द बदलला नाही. तपासणारे कोण आहेत ठाऊक नाही. बाबा म्हणतात, बदके उत्तरेकडे परत गेली, हिवाळ्यात येतील, तुम्ही पण या.'

तो पेपर या घडीला कोणाच्या तरी टेबलावर पडला असेल. त्याच्याकडेही तांबडी शाई असेल. त्याला जाऊन सांगावे असे फार वाटते, पण तो कोण, कुठे, हे आता मला कळायचे नाही.

कार्ड हातात घेऊन मी सवयीने आतल्या खोलीत गेलो. तिच्या खाटेवर गाद्यांची चळत रचलेली आहे. तिथे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "अगं, होडीवालेच गेले होते." मग बाहेर येऊन हे लिहायला बसलो.